संशयाचा फायदा नेमका कुणाला?

खटाव तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "बांधाच्या वादातून माझ्या थोरल्या भावाचा खून झाला. नऊ जणांवर खटला चालला. कोर्टाने सगळ्यांना संशयाचा फायदा देऊन सोडलं. वकील म्हणतात, शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा होता कामा नये, हे कायद्याचं तत्त्वच आहे. हे तत्त्व आमच्यासारख्यांच्या जिवावर का? आणि एवढं तत्त्व पाळतात, तर मुंबईच्या लोकल स्फोटांतली माणसं एकोणीस वर्षं आत कशी राहिली?"

मी साताऱ्यात फौजदारी वकिली करतो. सुरुवातीची काही वर्षं सरकार पक्षाकडून उभा राहिलो, नंतर बचावाकडून. निकाल ऐकून कोर्टाच्या व्हरांड्यात मटकन खाली बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ज्याने काही केलेलं नाही याची मला मनोमन खात्री होती, असा माणूस शिक्षा होऊन पोलिसांच्या गाडीत चढतानाही पाहिला आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे दोन्ही अर्धे मला सारखेच जवळचे आहेत.

आधी त्या वाक्याबद्दल. ते कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. अठराव्या शतकात विल्यम ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने ते मांडलं तेव्हा आकडा दहाचा होता. पुढे तोंडोतोंडी त्याचे शंभर झाले, कुणी हजारही केले. खुद्द आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली, महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या अपिलात, या आकड्यांच्या चढाओढीला लगाम घातला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथे स्पष्ट लिहिलं, की निरपराधाला शिक्षा होणं हा जसा न्यायाचा पराभव, तसाच अपराधी सुटणं हाही पराभवच. त्याच निकालात दुसरी गोष्टही आहे: आरोपीने गुन्हा केला 'असेल' आणि त्याने तो केला 'असलाच पाहिजे' या दोहोंत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर पुराव्याने तोडावं लागतं, अंदाजाने नाही. वकील मंडळी यातला सोयीचा भाग तेवढा उचलतात. तुमच्या वकिलांनी तुम्हाला सांगितलं ते अर्धं होतं.

आता मला जे सांगायचंय ते. शिक्षा आणि निरपराधाचं रक्षण ही तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली येणारच, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. माझ्या अनुभवात फार थोड्या खटल्यांत तसं असतं. एरवी अपराधी सुटतो आणि निरपराध अडकतो, तो एकाच कारणाने. तपास कच्चा असतो, किंवा फिर्यादच वाकडी असते. एकाच कागदातून या दोन्ही चुका बाहेर पडतात.

आपल्या भागातलंच घ्या. भावकीत बांधावरून भांडण होतं. संध्याकाळची वेळ, एकजण जागेवर कोसळतो. मारणारे दोघं असतात, फार तर तिघं. रात्री फिर्याद द्यायला माणसं ठाण्यात जातात तेव्हा सोबत गावातला एखादा जाणता असतो. तो म्हणतो, नुसती दोन नावं काय घालता, सगळं घर घाला, म्हणजे बाहेर राहून कोणी साक्षीदारांना दम देणार नाही. मग चुलता येतो, चुलत्याची दोन पोरं येतात, पुण्याला कंपनीत असलेला धाकटा येतो. सरकारी नोकरीवाला असेल तर त्याचं नाव आवर्जून येतं, कारण अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की निलंबन आपोआप ठरलेलं. नऊ नावं झाली की नऊ हत्यारं लागतात. म्हणून कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाकडे लोखंडी गज, आणि उरलेल्यांच्या हातात काठ्या.

खटला उभा राहतो तेव्हा डॉक्टर साक्षीला येतात. शवविच्छेदनाच्या अहवालात जखमा असतात दोन. एक धारदार हत्याराची, एक बोथट. बचावाच्या वकिलाला फार काही करावं लागत नाही. मी स्वतः अशा खटल्यांत एवढंच विचारत आलोय: नऊ माणसं, नऊ हत्यारं, तुम्ही म्हणता सगळे मारत होते, मग अंगावर जखमा दोनच का? पुण्याच्या पोराचा कंपनीचा हजेरीपट पुढे ठेवायचा. त्या दिवशी तो दुसऱ्या पाळीत होता. साक्षीदार खोटं बोलतोय हे एकदा न्यायाधीशांच्या मनात बसलं, की त्याने खरं सांगितलेलंही निसटायला लागतं.

इथून दोन वाटा फुटतात, आणि दोन्ही वाईट. एका साक्षीदाराचं एक विधान खोटं निघालं म्हणून त्याची सगळी साक्ष फेकून द्यायची, असा नियम आपल्याकडे नाही. भुसा आणि दाणा वेगळा करणं हे कोर्टाचं कामच आहे. पण कधी दोन्ही इतकं एकजीव झालेलं असतं की ते वेगळं करताच येत नाही. मग खरे दोघंही उरलेल्या सातांबरोबर सुटतात. दुसऱ्या वाटेने न्यायाधीश साक्षीदारांवर विश्वास ठेवतात आणि बेकायदेशीर जमावाचं कलम लागतं. जुनं १४९, आता भारतीय न्याय संहितेतलं १९०. जमावाचा समान उद्देश मानला की फटका कुणी मारला हे सिद्ध करायची गरज उरत नाही. नऊच्या नऊ जणांना जन्मठेप. त्यातले सात घरी जेवत होते. हा धोका ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या मसालती निकालात सांगितलं, की मोठ्या जमावाच्या खटल्यात एखाद्या आरोपीचं नाव निदान दोन-तीन साक्षीदारांच्या सुसंगत साक्षीतून यायला हवं. पण गावात दोन-तीन साक्षीदार एकाच घरातले असले, की ही चाळणीही कामाची राहत नाही.

तुमच्या खटल्यात नऊ आरोपी होते, हे वाचल्यावर मी तिथेच थांबलो. तुमच्या घरच्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. भाऊ डोळ्यांसमोर गेलेला माणूस त्या रात्री शांत डोक्याने नावं मोजू शकत नाही. पण त्या रात्री ठाण्यात बसलेल्या अधिकाऱ्याला मोजता यायला हवीत. कोण कुठे उभं होतं, उजेड कशाचा होता, कुणी काय पाहिलं, हे वेगवेगळं बसवून विचारणं हे त्याचं काम. फिर्यादीत नाव आलं म्हणून अटक आणि अटक झाली म्हणून दोषारोपपत्र, असं चाललं की पुढे न्यायाधीशाच्या हातात फारसं काही उरत नाही.

दुसरी जागा पंचनाम्याची. आरोपी पोलिसांसमोर काहीही कबूल करो, ते कोर्टात चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ आणि २७, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. साध्या कायद्यात अपवाद एकच: आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. म्हणून दोन कागद बनतात. पहिला निवेदन पंचनामा, म्हणजे 'मी कोयता लपवलेली जागा दाखवतो'. दुसरा जप्ती पंचनामा, कोयता मिळाल्याचा. खुनाच्या कितीतरी खटल्यांचा सगळा भार या दोन कागदांवर असतो.

जप्ती बहुधा उसाच्या फडातून, विहिरीच्या कडेच्या झुडपातून किंवा ओढ्यातून होते. म्हणजे कुणीही ये-जा करावी अशा जागेतून. पंच उलटतपासात आला की मी साध्या गोष्टी विचारतो. गाडीत कोण कोण होतं? फड कुणाचा? ऊस किती उंच होता? कोयत्याची मूठ लाकडी होती का? सील कुठे केलं, तिथे की ठाण्यात आल्यावर? लाख कशावर तापवली? जो खरंच तिथे गेला होता, त्याला ऊस किती वाढला होता हे आठवतं, कारण तो शेतकरी असतो. जो ठाण्यात बसून सही करून आलाय, तो सरकारी वकिलांकडे बघायला लागतो. कधी तोच पंच दुसऱ्या दोन गुन्ह्यांतही पंच निघतो. मग मुद्देमाल रजिस्टर येतं. कोयता जप्त झाला त्या तारखेला नोंद आहे, पण पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्याची नोंद कित्येक आठवड्यांनंतरची. मधल्या काळात तो कुठे होता, कुणाच्या ताब्यात होता, सील शाबूत होतं का, हे सांगणारा एकही कागद नाही. शेवटी रासायनिक विश्लेषणाचा अहवाल: रक्त मानवी, गट ठरवता आला नाही.

आता सांगा, हा आरोपी खुनी होता की नव्हता? खरंच त्याने लपवलेला कोयता पोलिसांनी प्रामाणिकपणे शोधला आणि कागद निष्काळजीपणे केले, असंही झालं असेल. किंवा बाजारातून आणलेला कोयता फडात ठेवून पंचनामा रचला असेल. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. कच्च्या कामाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच: खरं आणि रचलेलं यातला फरकच त्याने पुसला जातो. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी, हे १९८४ साली पुण्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच सूत्रांत बांधून दिलंय. प्रत्येक दुवा सिद्ध झालेला हवा आणि सगळे मिळून आरोपीच्या अपराधाशिवाय दुसरा कुठलाच तर्क शिल्लक राहता कामा नये. एक दुवा असा संशयी निघाला की साखळी तुटते, मग माणूस खरा अपराधी असला तरी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात यावर थोडा इलाज आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे. मला याची मोठी आशा आहे. उसाची उंची मग पंचाला विचारावी लागणार नाही.

लोकल स्फोटांचं तुम्ही विचारलंत. ११ जुलै २००६ ला जवळपास १९० माणसं मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, पाचांना फाशी आणि सातांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. मकोका या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या खास कायद्यात मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो. पण हे जबाब मारहाणीने घेतल्यासारखे दिसतात, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. ओळखणारे साक्षीदार घटनेनंतर शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आलेले. ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच उरलेला नव्हता. जप्त वस्तूंचं सील धड नव्हतं. बघा, उसाच्या फडातल्या कोयत्याचेच दोष आहेत, फक्त आकार मोठा. राज्य सरकार अपिलात गेलंय आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा आधार दुसऱ्या खटल्यांत घेता येणार नाही असं सांगितलंय, म्हणून शेवटचा शब्द अजून यायचा आहे. पण या घडीला त्या मृतांच्या नातेवाइकांचा विचार करा. एकोणीस वर्षांनी त्यांच्या हातात ना गुन्हेगार आहे ना उत्तर. निरपराधाला पकडून ठेवण्याने पीडिताला कधीच काही मिळत नाही. मिळतो तो खोटा दिलासा, आणि तोही पुढे हिरावला जातो.

याहून जास्त मला एक दुसरा निकाल छळतो, कारण त्यातली माणसं मी रोज कोर्टात बघतो तशी आहेत. २००३ सालच्या महाराष्ट्रातल्याच एका दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. तीन पायऱ्या, तिन्हींवर दोषी. मग मार्च २०१९ मध्ये फेरविचारात त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधले चार वेगळेच फोटो ओळखले होते, दंडाधिकाऱ्यासमोर तिचा जबाबही झाला होता. त्या चौघांकडे तपास वळलाच नाही. आरोपी गरीब, भटक्या जमातीचे, म्हणून त्यांना गोवलं गेल्याची शक्यता कोर्टाने बोलून दाखवली आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी सुनावल्यानंतरच ठरलं.

ओळख परेडचा नियम सोपा आहे. एका संशयितासोबत त्याच्यासारखी दिसणारी निदान सहा माणसं उभी करायची, संशयिताला ठाण्यातून चेहरा झाकून आणायचं, आणि पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. हे पाळलं नाही तर साक्षीदार ओळखतो तो घटनेतला माणूस नसतो, ठाण्याच्या बाकावर पाहिलेला असतो. आणि साक्षीदार खोटं बोलत नसतो, हे लक्षात घ्या. तो मनापासून चुकत असतो, म्हणून उलटतपासात तुटतही नाही.

मारहाणीबद्दल फार लिहीत नाही. सांगलीकरांना २०१७ विसरता येणार नाही. लुटीच्या संशयावरून धरलेला तरुण पोलीस कोठडीत मेला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, आणि शेवटी पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. असा माणूस जगला असता तर त्याने काहीही कबूल केलं असतं, एवढंच म्हणतो.

आता जी गोष्ट वर्तमानपत्रात येत नाही ती. चुकीच्या शिक्षा म्हटलं की लोकांना फाशी आणि जन्मठेप आठवते. तालुक्याच्या दंडाधिकारी न्यायालयात त्या शांतपणे होत असतात. पालावर राहणारा एखादा पारधी तरुण मोटारीच्या चोरीत धरला जातो. मोटार म्हणजे विहिरीवरचा पाण्याचा पंप. त्याच्यावर संशय का, तर तो पारधी. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण ठाण्यांच्या सवयीतून अजून गेलेला नाही. जामीन मंजूर होतो. जामीनदाराचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला लागतो. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठा नाही, त्याला सातबारावाला जामीनदार कोण मिळणार? तो आतच राहतो. काही महिने गेल्यावर त्याला कोणीतरी सांगतं, आरोप कबूल कर, बसलेले दिवस शिक्षेत धरतात, आजच सुटशील. कधी हवालदार सांगतो, कधी बराकीतला सोबती, आणि वाईट वाटतं, पण कधी वकीलही. दुसऱ्या दिवशी न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का? कबूल आहे साहेब. पाच मिनिटांत निकाल. संध्याकाळी तो पालावर परत.

त्याच्या दृष्टीने तो सुटला. कायद्याच्या दृष्टीने तो शिक्षा झालेला गुन्हेगार झाला. पुढच्या वेळी परिसरात चोरी झाली की पोलीस पहिला त्याच्याकडे येणार, कारण आता रेकॉर्ड आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला संपलेला नाही अशाला, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटता येतं. पण 'पहिल्यांदाच' म्हणजे आधी कुठलीही शिक्षा झालेली नसणं. त्या पाच मिनिटांच्या कबुलीने ती सोयही गेली. आणि पंप ज्याने नेला तो दुसऱ्या गावात दुसरा पंप नेतो आहे, त्याला कुणी शोधतही नाही, कारण फाइल बंद झाली. देशभरातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांतले जवळपास तीन कच्चे कैदी आहेत. या साध्या कबुल्या किती निघतात याची कुठे मोजदाद होत नाही, आणि माझ्या मते आपल्या व्यवस्थेतला निरपराधांवरचा सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

घाईचंही सांगतो. भयंकर गुन्हा घडला की मोर्चे निघतात, 'फास्ट ट्रॅक चालवा, फाशी द्या'. राग समजतो, माझ्याही घरात मुली आहेत. मध्य प्रदेशात २०१३ साली नऊ वर्षांच्या मुलीवरचा अत्याचार आणि खुनाचा खटला आरोप ठेवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत संपवला, फाशीही झाली. आरोपीला सरकारी मदतीचा वकील मिळाला त्याच दिवशी आरोप ठेवले गेले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला परत चालवायला सांगितला. २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली आणि त्या मुलीला न्याय मिळालाच नाही. घाई न करता डीएनएचा पुरावा नीट तपासला असता, तर एकतर खरा अपराधी सापडला असता, किंवा हाच अपराधी असेल तर पक्का अडकला असता.

तरीही काही खटले असे असतात जिथे सगळ्यांनी काम नीट केलंय आणि तरी शंका उरते. तिथे तुम्ही म्हणता तसा प्रश्न खराखुरा उभा राहतो, की चूक झालीच तर कुठल्या बाजूने व्हावी. तिथे मी न डगमगता सुटकेच्या बाजूने आहे. सरकारकडे पोलीस आहेत, प्रयोगशाळा आहे, कोठडी आहे. समोर एक माणूस, त्याची बायको आणि गहाण टाकलेली जमीन. सुटकेविरुद्ध सरकार अपील करतं, पीडितही करू शकतो, तोवर बाहेरचा माणूस पळून गेला नसेल तर पुन्हा आत येऊ शकतो. आत काढलेलं वर्ष मात्र कुठल्याही अपिलाने परत मिळत नाही. आणि भरपाई? विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात, चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना नुकसानभरपाईचा कायदा करा, असं सुचवलं. तसा कायदा झालेला नाही. एखाद्याला सर्वोच्च न्यायालय आपणहून काही रक्कम देतं, तेवढंच. इंग्लंडमध्ये बॉम्बस्फोटांत चुकीने शिक्षा झालेल्या बर्मिंगहॅमच्या सहा जणांना सोळा वर्षांनी १९९१ मध्ये सोडावं लागलं, तेव्हा लोकांच्या संतापातून अशा जुन्या शिक्षा पुन्हा तपासणारा स्वतंत्र आयोग १९९७ ला उभा राहिला. आपल्याकडे फेरविचार आणि उपचारात्मक याचिका संपली की दार बंद.

पण म्हणून तुम्हाला 'तत्त्व आहे, सोसा' असं सांगायला मी तयार नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात राज्यांना स्पष्ट आदेश दिले. एका चिमुरडीच्या खुनात तपासातल्या चुकांमुळे आरोपी सुटला होता. कोर्ट म्हणालं, प्रत्येक सुटकेनंतर ती का झाली हे तपासा, तपासी अंमलदार किंवा सरकारी वकील यांची चूक असेल तर जबाबदारी ठरवून कारवाई करा. तुमच्या जिल्ह्यात तुमच्या भावाच्या खटल्याचं असं परीक्षण झालं का, हे माहितीच्या अधिकारात विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारा. पुढच्या फडातला कोयता नीट सील होईल तो अशा अर्जांमुळेच.

अपिलाचं सांगतो. पीडिताला, म्हणजे मृताच्या कायदेशीर वारसांना, सुटकेविरुद्ध अपील करण्याचा स्वतंत्र हक्क आहे. २००९ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३७२ व्या कलमात होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. त्यासाठी उच्च न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही आणि सरकारवर अवलंबून राहावं लागत नाही. पूर्वी मुंबईला खेटे घालावे लागायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सांगली त्यात आहेत, त्यामुळे सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मात्र एक कडू गोष्ट आधीच सांगतो. सुटका झालेल्या आरोपीचं निर्दोषत्व अपिलात आणखी भक्कम मानतात. पुराव्यातून दोन्ही निष्कर्ष निघू शकत असतील तर उच्च न्यायालय सुटका बदलत नाही. म्हणून नऊच्या नऊ जणांविरुद्ध अपील करण्याचा आग्रह धरू नका. ज्या एक-दोघांविरुद्ध डॉक्टरांचा अहवाल, जखमांची जागा आणि निदान एक न डळमळलेला साक्षीदार यांचा मेळ बसतो, तेवढ्यांवर जोर द्या. सगळ्यांना ओढायला गेलात तर खालच्या कोर्टात झालं तेच वर होईल.

निकालपत्रात कोर्टाला संशय नेमका कुठल्या परिच्छेदात आला ते आधी शोधा. तो सगळ्या आरोपींबद्दल सारखा आहे का, की काहींबद्दल वेगळा, हे बघा. निकाल, फिर्याद, शवविच्छेदन अहवाल आणि प्रत्येक साक्षीदाराची साक्ष यांच्या प्रमाणित नकलांसाठी नक्कल विभागात याच आठवड्यात अर्ज द्या. वहिनी वारस आहेत, म्हणून अर्जावर आणि वकीलपत्रावर सही त्यांची घ्या.